घंटेसाठी भक्कम केलेली भिंत

वाचक विचारतात

गेल्या अंकात पणजीच्या चर्चचं छायाचित्र छापून आलं, त्याखाली मी एवढंच लिहिलं होतं की, लहानपणी आमच्या घरातलं घड्याळ बंद पडलं तरी दोन-दोन दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण वेळ सांगायला चर्चची घंटा होती. त्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सगळं सदर मी त्याच एका इमारतीला देते आहे. नव्या वाचकांसाठी सांगते : मी पणजीतल्या फोंतान्यास या जुन्या वस्तीच्या उतरणीवर वाढले, बांधकाम खात्यात अभियंता म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर जुन्या घरांची चुन्यातली दुरुस्ती करते. त्यामुळे माझी उत्तरं दगड, चुना आणि पाऊस यांच्या अंगाने जातील. माझा धर्म ख्रिस्ती नाही. पण ज्या भिंतीच्या सावलीत आपण लहानाचे मोठे झालो तिच्याबद्दल आपुलकी वाटायला धर्म आड येत नाही.

प्रश्न : आम्ही सहकुटुंब पणजीला गेलो होतो. गाइडने चर्च १५४१चं आहे असं सांगितलं. एका पुस्तिकेत १६१९ छापलेलं होतं. आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो ते म्हणाले, "छे, हे तर दीडशे वर्षांपूर्वीचं." मुलांनी वहीत काय लिहावं? (रत्नागिरी)

उत्तर : मुलांना तिन्ही सालं लिहू द्या, फक्त प्रत्येकापुढे त्या साली काय झालं तेही लिहायला सांगा.

१५४१मध्ये इथे टेकडीच्या उतारावर एक छोटं प्रार्थनास्थळ होतं. त्या वेळच्या पणजीला शहर म्हणवत नव्हतं. मांडवीच्या काठी आदिलशाहीचा जुना राजवाडा, थोडी नारळाची झाडं, कोळ्यांची घरं आणि मागे ओढ्याची दलदल. राजधानी होती आणखी आत, आज ज्याला आपण जुनं गोवं म्हणतो तिथे. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये निघायची आणि सगळं सुरळीत झालं तर सप्टेंबरात गोव्याला लागायची. सहा महिने समुद्रात काढलेल्या माणसाला नदीच्या मुखातून आत येताना हा उंचवटा दिसायचा. खलाशी इथे उतरून आभार मानायचे आणि मग पुढे जुन्या गोव्याला जायचे, असं परंपरेने सांगतात. नदीच्या पात्रातून टेकडीकडे पाहिलं की जागेची ही निवड पटते.

१६००मध्ये पणजी हा स्वतंत्र धर्मग्राम झाला. बाहेरच्या माणसाला हे साल किरकोळ वाटेल, पण माझ्या लेखी ते सगळ्यांत महत्त्वाचं. धर्मग्राम झाला म्हणजे गावाला स्वतःचा व्हिगार, म्हणजे मुख्य धर्मगुरू, मिळाला आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन या तिन्ही नोंदी इथल्याच वह्यांत होऊ लागल्या. बारशापासून मातीपर्यंत माणसाचा सगळा हिशेब एका जागी आला, आणि मग ती जागा अपुरी पडू लागली. १६१९मध्ये चर्च नव्याने मोठं बांधलं ते त्या गरजेतून. आज तुम्ही आत उभे राहता ती मूळ बांधणी त्या वेळची.

आणि दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणणारे तुमचे यजमानही चुकले नाहीत. समोरून पाहताना नजर ज्या उंच मधल्या भागावर जाते, त्याचं आजचं रूप १८७१च्या घंटेमुळे आलेलं आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात.

१५४१ या सालाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती वगळली तर उत्तर अर्धं राहील. तिसवाडीतली, म्हणजे पणजी आणि जुनं गोवं ज्या तालुक्यात येतात तिथली, देवळं पाडली गेली ती याच सुमारास, आणि त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१मध्येच नव्या चॅपेलांच्या आणि मिशनच्या खर्चाकडे वळवण्यात आलं. गावकऱ्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था, ज्यांना पोर्तुगीज अमलात कोमुनिदाद म्हणू लागले, त्या पुढे शतकानुशतकं चर्चच्या डागडुजीला पैसे देत राहिल्या. म्हणजे गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या भिंतीत त्या गावच्या शेताभाताचा पैसा आहे, आणि तो कसा आला याची दुखरी आठवणही आहे. ताळगावहून हललेली महालक्ष्मी पणजीत परत आली ती १८१८मध्ये. तिचं देऊळ चर्चपासून चालत काही मिनिटांवर आहे. रत्नागिरीहून पुन्हा याल तेव्हा मुलांना दोन्ही दाखवा.

प्रश्न : चर्चच्या दर्शनी बाजूला दोन्हीकडे बुरूज असताना घंटा मधोमध, सगळ्यांत उंच जागी का टांगली? इतकी मोठी घंटा मूळची तिथलीच आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : मूळची तिथली नाही. ती पणजीला येण्याआधी तीस वर्षं वाटेत होती.

जुन्या गोव्यात मोंते सांतो नावाची टेकडी आहे. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२मध्ये गोव्यात आले आणि त्या टेकडीवर त्यांनी मठ उभारला. मठाचं चर्च १५९७ ते १६०२ या काळात बांधलं. त्याच्या दर्शनी बाजूचा मनोरा ४६ मीटर उंच होता, सगळा चिऱ्याचा. आपल्या कोकणातला जांभा दगड तो हाच. आमची घंटा त्या चर्चची.

१८३५मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या संन्याशांचे मठ बंद केले. मठ रिकामा झाला. रिकाम्या इमारतीचं कोकणातल्या पावसात काय होतं हे ज्याचं वडिलोपार्जित घर बंद पडून आहे त्याला विचारा. कौल सरकतं, तिथून पाणी शिरतं, भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो. सात वर्षांत, १८४२मध्ये, चर्चचं कमानी छत कोसळलं. १९३१मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला, १९३८मध्ये आणखी काही भाग. आज तिथे उभा दिसतो तो उरलेला मनोरा.

घंटा मात्र छत पडायच्या आदल्या वर्षी, १८४१मध्ये, तिथून निघाली होती. आधी ती आग्वादच्या किल्ल्यावर दीपगृहापाशी गेली आणि १८७१मध्ये पणजीच्या चर्चला आली. तिचं वजन २२५० किलो, म्हणजे सव्वादोन टन. गोव्यात तिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची 'सोनेरी घंटा'.

आता तुमचा मुख्य प्रश्न. सव्वादोन टन ऐकून माणूस दचकतो, पण अभियंता म्हणून मी तुम्हाला सांगते, वजनाची अडचण नव्हती. चांगला घडीव चिरा तीस-पस्तीस किलोचा भरतो. सव्वादोन टन म्हणजे असे पासष्ट ते पंचाहत्तर चिरे. तेवढे चिरे त्या भिंतीवर रचून ठेवले तर भिंतीला त्याचं काहीच नाही. पण चिरे झुलत नाहीत. घंटा झुलते, आणि झुलताना दर हेलकाव्याला आधाराला आडवा धक्का देते. चिऱ्याची भिंत वरून येणारा भार शतकानुशतकं निमूट सोसते. आडवा धक्का तिला सोसत नाही. सांध्यातला चुना हळूहळू सुटतो, एका पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं, आणि मग वरच्या थरापासून भिंत मोकळी व्हायला लागते.

अशी घंटा कडेच्या बारीक बुरुजात टांगणं म्हणजे बुरुजाला दिवसातून अनेकदा ढकलण्यासारखं. शिवाय बुरूज पडण्याचं उदाहरण लोकांच्या माहितीतलं होतं. से कॅथेड्रलच्या दोन बुरुजांपैकी एक १७७६मध्ये पडला आणि पुन्हा बांधलाच नाही. ते भव्य चर्च आजही एका खांद्याने उणं दिसतं. पणजीत घंटा मधोमध घेतली, जिथे दोन्ही बाजूंनी भिंतीला भिंतीचा टेकू मिळतो, आणि तो मधला भाग तिच्यासाठी भक्कम करून घेतला. तुम्हाला जो डौल वाटतो, पांढऱ्या भिंतीतून मधला भाग एकदम वर उठलेला, त्याचं मूळ या हिशेबात आहे. मला तो भाग पाहताना नेहमी डोक्यावर पाण्याची घागर घेतलेल्या बाईची मान आठवते. ताठ असते, कारण ताठ ठेवावी लागते.

प्रश्न : आमच्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही पोर्तुगीजांची आहे असं आजोबा सांगायचे. तुमच्या घंटेचं आणि तिचं काही नातं? (नाशिक)

उत्तर : आजोबांनी बरोबर सांगितलं. पंचवटीतल्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल आहे. नारोशंकर राजेबहाद्दरांनी देऊळ बांधलं ते १७४७मध्ये, म्हणजे घंटा देवळाहून सव्वीस वर्षांनी थोरली. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर अशीच एक आहे.

पणजीच्या घंटेशी सख्खं नातं नाही. तुमची घंटा लढाईने हलवली, आमची सरकारी हुकमाने मठ ओस पडला म्हणून हलली. पण दोघींच्या बाबतीत घडलं ते एकच. जिथे त्या ओतून टांगल्या ते घर राहिलं नाही आणि दुसऱ्या घराने त्यांना जागा करून दिली. ओतीव कासं सहज मरत नाही. नाशिकला मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात ना? पणजीत आमच्या आईने मला चर्चची घंटा म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

प्रश्न : दरवर्षी रंग काढायचा खर्च कशाला? माझा भाऊ रंगाच्या धंद्यात आहे. तो म्हणतो की, एकदा सिमेंटचा गिलावा करून वर चांगला बाहेरचा प्लॅस्टिक रंग दिला की सात-आठ वर्षं बघायला नको. चर्चवाल्यांना हे कुणी सांगत का नाही? (सांगली)

उत्तर : तुमच्या भावाला माझा राग येऊ नये, पण हे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचं ऐकल्याने काय होतं ते मी हातात धरून पाहिलेलं आहे. म्हणून हे उत्तर लांबणार.

आधी चिरा समजून घ्या. खाणीतून नुकता काढलेला चिरा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तो तासता येतो. हवा लागली की तो कडक होतो. त्याला डोळ्यांना दिसतील अशी छिद्रं असतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत आणि वाऱ्याबरोबर आडवा. सांगलीच्या माणसाला याची कल्पना येणं कठीण आहे. इथे पाऊस भिंतीवर आपटतो.

अशा दगडाला अंगरखा हवा, पण घाम जाईल असा. तो अंगरखा म्हणजे चुन्याचा गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी. पूर्वी इथे शिंपले भाजून चुना करत. चुनकळी पाण्यात विरवायची, हौदात मुरू द्यायची, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायची. हा गिलावा पाण्याचा मारा स्वतः झेलतो आणि आत गेलेली ओल बाहेर सोडतो. पावसाने त्याचा वरचा थर थोडा झिजतो, म्हणून पाऊस संपला की नवा हात. दरवर्षीची सफेदी हा हौसेचा खर्च नाही. दगडाऐवजी चुन्याने झिजावं, यासाठी ती असते.

आता माझी स्वतःची गोष्ट. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बार्देशमधल्या एका गावच्या छोट्या चर्चची भिंत ओलावली होती. गावकऱ्यांनी सल्ला विचारला. मी कॉलेजातून नवी बाहेर पडलेली, सिमेंटवर माझा पूर्ण विश्वास. जुना गिलावा खरवडून सिमेंटचा करा, असं मी त्यांना लिहून दिलं. त्यांनी वर्गणी काढून तसं केलं. दोन-तीन वर्षं भिंत देखणी राहिली. मग बारीक तडे गेले. तड्यांतून पाणी आत शिरलं आणि सिमेंटने ते बाहेर येऊ दिलं नाही. पाचव्या वर्षी मी पुन्हा गेले. कंबरेइतक्या उंचीवर गिलाव्याला फुगवटा आला होता. मी बोटाच्या पेराने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. गवंड्याने छिन्नीचं टोक लावलं आणि ताटाएवढा तुकडा सुटून माझ्या हातात आला. मी तो उलटा केला. सिमेंटच्या पाठीला चिऱ्याचा लाल थर चिकटून आलेला होता, बोटभर जाडीचा, ओला, आणि अंगठ्याने दाबला तर मातीसारखा चुरडणारा. भिंतीत त्या जागी पांढरा लोणा फुटलेला. गिलाव्याने दगडाचं रक्षण करायचं, इथे गिलावाच दगड ओरबाडून घेऊन आला होता. तो तुकडा मी घरी आणला. आजही माझ्या कामाच्या टेबलावर आहे. त्यानंतर मी चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंट लिहून दिलेलं नाही, आणि ज्या गावाने माझ्या शब्दावर वर्गणी खर्च केली त्या गावाचं ऋण मनातून गेलेलं नाही.

उलट प्रकारची चूकही गोव्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जुन्या गोव्याचं बॉम जीझस, जिथे सेंट फ्रान्सिस झेवियरांचे अवशेष आहेत, ते १५९४ ते १६०५ या काळात बांधलं. इतर चर्चसारखा त्यालाही बाहेरून गिलावा होता. १९५०च्या दशकात बाल्ताझार काश्त्रू नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाने तो काढून टाकला. उघडा लाल दगड जास्त प्राचीन आणि भारदस्त दिसेल, अशी त्यामागची कल्पना. आज पर्यटकांना ते लाल बॉम जीझस इतकं ओळखीचं झालं आहे की ते मूळचंच तसं होतं, असा समज आहे. पण त्या वेळेपासून दर पावसाळ्यात तो दगड उघड्या अंगाने भिजतो आहे. जवळ जाऊन भिंतीवर हात फिरवा, तळहाताला लाल भुकटी लागते.

बॉम जीझसच्या दर्शनी बाजूला मात्र काही भाग काळ्या बेसॉल्टचा आहे, नक्षी कोरलेला. तो दगड वसईहून समुद्रमार्गे आणला होता, कारण चिऱ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. चारशे वर्षांनी आज लाल चिरा झिजला आहे आणि शेजारचा वसईचा काळा पत्थर धारदार उभा आहे. दोन्ही दगड एकाच भिंतीत, एकाच पावसात आहेत.

जुन्या गोव्यातली ती चर्चं १९८६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि पुरातत्त्व खातं त्यांच्याकडे पाहतं. पणजीचं चर्च त्या यादीत नाही. ते धर्मग्रामाचं आहे. त्याचा चुना, कौलं, पायऱ्या सगळं धर्मग्रामाच्या फाब्रिकेला, म्हणजे चर्चच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या समितीला, सांभाळावं लागतं. तुमच्या भावाला एवढंच सांगा की चिऱ्याचं काम हातात घेतलंच, तर श्वास घेणारा रंग द्यायचा आणि तोही चुन्याच्या गिलाव्यावर. त्याला हवं असेल तर माझ्या टेबलावरचा तुकडा येऊन पाहावा. मी चहा करीन.

प्रश्न : त्या नागमोडी पायऱ्या सिनेमात फार छान दिसतात. भाविकांना तप म्हणून चढायला लावायच्या उद्देशाने बांधल्या का? (पुणे)

उत्तर : नाही. पायऱ्या १६१९च्या इमारतीच्या नंतरच्या आहेत. सुरुवातीला चर्च उतारावर होतं आणि खाली आजचा चौक नव्हताच, दलदल आणि बागायत होती. १७५९मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या राजवाड्यात राहायला आला, १८२७ ते १८३५च्या दरम्यान मान्वेल द पोर्तुगाल इ काश्त्रू या व्हाइसरॉयने भर घालून, रस्ते आखून गाव वसवलं, आणि १८४३मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. उतारावरच्या चर्चपुढे असं शहर उभं राहिलं की खालच्या चौकातून वर जायची ऐसपैस वाट लागतेच. टेकडीवर थेट सरळ जिना घातला असता तर तो उभा झाला असता आणि पावसाचं पाणी त्यावरून ओढ्यासारखं धावलं असतं. दोन्ही बाजूंना वळवत नेल्याने चढ सौम्य झाला आणि प्रत्येक वळणावरची भिंत मागची माती धरून ठेवते. म्हाताऱ्या माणसाला मध्ये थांबायला जागाही मिळते. तपाचा नाही, सोयीचा विचार आहे.

प्रश्न : बाहेरून एवढं दिमाखदार, मग आतून त्यामानाने साधं का वाटतं? (अमेरिकेतून)

उत्तर : तुम्ही बहुधा जुन्या गोव्याची चर्चं पाहून मग इथे आलात. तिथली मठांची आणि बिशपांची, ही गावाची. तरी साधं म्हणू नका. मुख्य वेदी निष्कलंक गर्भसंभव मातेची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, आहे, बाजूच्या दोन वेद्या क्रुसावरच्या येशूची आणि रोझरी मातेची, दोन्ही सोन्याच्या मुलाम्याच्या लाकडी कोरीव कामाच्या. मरिया स्वतः आईच्या गर्भात आली तीच पापाच्या डागाशिवाय, ही निष्कलंक गर्भसंभवाची शिकवण पोपने अधिकृतपणे जाहीर केली ती १८५४मध्ये. पोर्तुगालच्या राजाने मात्र १६४६मध्येच या मातेला राज्याची आश्रयदाती मानलं होतं, आणि पणजीकर तर त्याच्याही आधीपासून तिच्या पायाशी होते.

आतल्या एका बाजूच्या प्रार्थनागृहातलं कोरीव काम, घंटेसारखंच, दुसरीकडून आलेलं आहे. खालच्या आदिलशाही राजवाड्यात व्हाइसरॉयचं खासगी प्रार्थनागृह होतं. १९१८मध्ये गव्हर्नर काबोच्या निवासस्थानी राहायला गेला, राजवाड्यात कचेऱ्या आल्या, आणि तिथली वेदी चर्चमध्ये पोचली. आधी घंटा बिनमठाची होऊन आली, मग वेदी बिनराजवाड्याची. मला या चर्चचं जे सगळ्यांत जास्त भावतं ते हेच.

प्रश्न : दादरच्या आमच्या पोर्तुगीज चर्चचं जुनं बांधकाम पाडून नवं केलं. पणजीसारखं जपता आलं नसतं का? (दादर)

उत्तर : तुमची हळहळ समजते. दादरच्या चर्चचा इतिहास १५९६पर्यंत मागे जातो. पण सत्तरच्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी तिथे जे उभं केलं ते मी मुद्दाम येऊन पाहिलं आहे. वरून उजेड घेणारे काँक्रीटचे घुमटाकार शंकू, मध्ये उघडे चौक, मुंबईच्या उकाड्यात हवा खेळती राहील अशी रचना. चौकाभोवती बसायची आपल्या वाड्यांची सवय त्यात आहे. कोरिया मूळ गोव्याच्या घराण्यातले. पणजीची कला अकादमीही त्यांचीच. जुनं गेलं याचं वाईट वाटतंच, पण नवं बांधणाऱ्याने जागेचा आणि माणसांचा विचार केलेला आहे, आणि लोक तिथे रोज जातात. बंद पडलेल्या मठाचा मनोरा मी वर सांगितलाच आहे. निवड करायची झाली तर मी वापरात असलेल्या इमारतीच्या बाजूने उभी राहीन.

प्रश्न : डिसेंबरात पणजीला येते आहे. चर्च कधी पाहावं? (बेळगाव)

उत्तर : ८ डिसेंबरला फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, असतं. त्या दिवसांत या, म्हणजे नुकतीच सफेदी झालेली असेल आणि खाली फेरीत, म्हणजे जत्रेत, खाज्याचे ढीग लागलेले असतील. आल्याचं खाजं घ्या, ते टिकतं. गर्दी नको असेल तर सकाळी लवकर या, पण मिस्सा चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका. पायऱ्या चढताना दुसऱ्या वळणावर थांबा आणि शहराकडे पाठ करून वर बघा. घंटा तिथून नीट दिसते. ती वाजायला लागली तर हात कठड्याच्या भिंतीवर ठेवा. मी लहानपणी ठेवायची.